सिंधुदुर्ग मी दुसऱ्या खेपेला पाहिला: मायग्रेन आणि प्रवास

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. आज ज्यांना कानात आवाज नको वाटतोय, त्यांच्यासाठी खास. डोकं ठणकत असेल तर आधी स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, मग वाचा. घाई नाही.

सुरुवात एका न पाहिलेल्या किल्ल्यापासून करते. कॉलेज संपलं त्या वर्षी आम्ही चौघी मैत्रिणी मालवणला निघालो. ठाण्याहून रात्रीची बस. बॅग भरण्याच्या धावपळीत माझं जेवण राहिलं. वाटेत बाथरूम कुठे मिळणार, म्हणून पाणीही घोटभरच प्यायले (मुलींना हे वेगळं समजवायला नको). पुढच्या सीटवरून येणारा अत्तराचा उग्र वास, कशेडी घाटातली वळणं आणि झोप जेमतेम तासभर. सकाळी मालवणला उतरले तेव्हा डाव्या डोळ्यामागे कुणीतरी घण घालत होतं. मैत्रिणी होडीत बसून सिंधुदुर्ग पाहायला गेल्या. मी पडदे ओढून, उशाशी बादली घेऊन खोलीत पडून राहिले. जाताना एकजण म्हणाली, "अगं, डोकंच दुखतंय ना? गोळी घे आणि चल. समुद्राची हवा लागली की बरं वाटेल."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक ट्रिपला माझं उत्तर ठरलेलं: "बघते गं, सुट्टी मिळाली तर." सुट्टी असायची. भीती होती, आणि ती दुखण्याची कमी, इतरांची ट्रिप आपल्यामुळे बिघडण्याची जास्त. ही भीती तुमच्याही ओळखीची असेल, तर आजचा भाग तुमचा आहे.

प्रवासातच का उठतं?

मायग्रेन, म्हणजे आपल्या आज्या जिला अर्धशिशी म्हणायच्या ती, मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या कामकाजाशी निगडित आजार आहे. डोकेदुखी हा त्याचा एक भाग. मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं, काहींना डोळ्यांसमोर चमचमणाऱ्या नागमोडी रेषा दिसणं, हे सगळं त्याचंच. उपचार न केल्यास एक अटॅक 4 ते 72 तास चालू शकतो. तीन दिवसांच्या सहलीचं गणित तुम्हीच मांडा.

मायग्रेनवाल्या मेंदूला बदल आवडत नाही. झोपेची वेळ, जेवणाची वेळ, चहाची वेळ, ऊन, हवामान यातलं एकेकटं काही बदललं तर तो बऱ्याचदा चालवून घेतो. पण बादलीत सगळीकडून थोडं थोडं पाणी पडत राहिलं की ती कधीतरी सांडतेच. आणि सहल म्हणजे काय? सगळे नळ एकदम सोडलेले! माझ्या त्या बसप्रवासात उपास, कमी पाणी, जागरण, वास आणि वळणं एकाच रात्रीत जमली होती. मायग्रेनवाल्यांना गाडी लागण्याचा त्रासही जास्त होतो, ते आणखी वेगळं.

अजून एक गंमत, म्हणजे आपल्यासाठी गंमत नाहीच. आठवडाभर डेडलाइनचा ताण असतो तेव्हा डोकं शांत, आणि सुट्टीच्या पहिल्या सकाळी ठणका. ताण अचानक उतरणं हेही अनेकांसाठी निमित्त ठरतं. त्यात सुट्टी म्हणून उशिरापर्यंत झोपलो आणि सकाळचा चहा चुकला, तर बघायलाच नको.

जांभई म्हणजे निरोप

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट: अटॅक ठणक्याने सुरू होत नाही. त्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशीही, शरीर निरोप धाडतं. सारख्या जांभया, मान आखडणं, उगाच चिडचिड, गोड खावंसं वाटणं. प्रवासात आपण म्हणतो, "दमलेय, दुसरं काही नाही." तिथेच फसतो.

औषध लवकर घेण्याला कारण आहे. अटॅकमध्ये पोटाचं काम मंदावतं. गोळी पोटात पडून राहते, रक्तात उशिरा पोचते, किंवा उलटीतून बाहेर जाते. म्हणून दुखणं सौम्य आहे तोवरच गोळी घेतली तर ती जास्त उपयोगी पडते. ज्यांना उलट्या होतात त्यांनी नाकातला स्प्रे किंवा उलटीवरची गोळी जमेल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ट्रिप्टान गटातली औषधं खास मायग्रेनसाठी आहेत, पण हृदयविकार असणाऱ्यांना चालत नाहीत. त्यामुळे मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घ्यायची नाही.

आणि रोज उठून गोळी, असंही नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. इतकी गरज पडत असेल तर अटॅक कमी करणारी रोजची औषधंही असतात. त्याबद्दल विचारा.

माझी आताची तयारी

औषध मोठ्या बॅगेत नाही, हातातल्या पिशवीत. सोबत प्रिस्क्रिप्शनचा फोटो. परदेशी जाणार असाल तर छापील प्रत ठेवा, आणि आपली औषधं तिथे चालतात का ते आधी तपासा. काही वेदनाशामकांवर काही देशांत कडक बंधनं आहेत.

खायला राजगिऱ्याचा लाडू, चणे, शेंगदाणे. पाण्याची बाटली. काळा चष्मा, टोपी, कानात घालायचे बोळे. चहा घरच्याच वेळेला, तेवढाच.

रात्रीच्या बसऐवजी शक्यतो दिवसाची ट्रेन. कोकण रेल्वेत बोगदे खूप. एकटा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटर. अंधारातून एकदम लख्ख उजेडात आलं की डोळ्यांत सुई टोचल्यासारखं होतं, म्हणून बोगदा आला की मी डोळे मिटून घेते. मुंबईकडून खाली जाताना सकाळचं ऊन डावीकडून येतं, दुपारचं उजवीकडून. सीट निवडताना एवढं बघा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. तिथलं डोकं दुखणं नेहमीचं मायग्रेनच असेल असं समजू नका, ते उंचीमुळेही असतं. पहिले दोन दिवस आराम, आणि डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही. चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं, बसल्या जागी दम लागणं, यातलं काही झालं तर लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

कुठेही असा, एका क्षणात शिगेला पोचलेली भयंकर डोकेदुखी, नव्याने बोलण्यात अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, ताप आणि मान ताठ होणं, डोक्याला मार लागल्यावरची डोकेदुखी, यात "माझं नेहमीचंच" म्हणून झोपायचं नाही. सरळ दवाखाना.

मग पुन्हा मालवण

गेल्या हिवाळ्यात त्याच चौघी पुन्हा निघालो. तिकिटं काढायच्या आधीच मी ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली: "मला अटॅक येऊ शकतो. आला तर मला अंधारी खोली आणि पाणी हवं. सोबत बसायची गरज नाही, तुम्ही फिरायला जा. पण 'चल ना' म्हणू नका." पाठवताना हात थरथरत होते. पहिलं उत्तर त्याच समुद्राच्या हवेवालीचं आलं: "मागच्या वेळी सांगितलं असतंस तर मी बडबडले नसते गं."

मांडवी एक्सप्रेसने कुडाळ, तिथून मालवण. पहिली संध्याकाळ मोकळी ठेवली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी जांभया सुरू झाल्याच. या वेळी निरोप ओळखला. गोळी घेतली, पडदे ओढले. त्या तिघी तारकर्लीला गेल्या. संध्याकाळी मी डोकं जड घेऊन का होईना, त्यांच्यासोबत मऊभात खात होते. तीन दिवसांऐवजी अर्ध्याहून थोडा जास्त दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या होडीने सिंधुदुर्ग. 1664 मध्ये महाराजांनी बांधायला घेतलेला जलदुर्ग. त्यांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पाहिला, तटावर थोडं चाललो. मग ऊन चढायला लागलं आणि मी म्हटलं, "माझं एवढंच. मी सावलीत बसते." कुणीही "चल ना" म्हटलं नाही. तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

किल्ला अर्धाच पाहून झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा जायचं आहे, तारीखही ठरतेय. तुमच्या ग्रुपवर सतत "बघते" म्हणणारं कुणी असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात, आणि हो, पाणी प्या!