खाच की भोक? ली-एन्फिल्डच्या नेमाची गोष्ट

महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं ‘थ्री-नॉट-थ्री’ दिसायची. ब्रिटिश सैन्याने १९०७ साली स्वीकारलेली ही ली-एन्फिल्ड मार्क ३ पुढे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही बनली. तिची मागची साइट नळीवर, चेंबरच्या पुढे असते. साइटच्या खाचेत माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची पुढची साइट, बसवायची आणि माशीच्या टोकावर लक्ष्य घ्यायचं. डोळ्याची कोंडी होते ती इथेच. खाच, माशी आणि लक्ष्य तीन वेगवेगळ्या अंतरांवर, आणि डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. तरुण डोळा वेळ निभावून नेतो. चाळिशीनंतर खाचेच्या कडा पुसट होऊ लागतात.

अपर्चर साइट, म्हणजे बारीक भोकाची साइट, हा पेच मुळातच सोडवते. ती डोळ्याजवळ असते आणि तिच्याकडे बघायचंच नसतं, तिच्यातून बघायचं. भोकाची कड धूसर राहिली तरी बिघडत नाही, कारण वर्तुळाचा मध्य डोळा आपसूक गाठतो. नेमबाजाने नजर फक्त माशीवर ठेवायची. शिवाय भोकामुळे डोळ्यात शिरणारे कडेचे किरण अडतात, म्हणून माशी आणि लक्ष्य दोन्ही जास्त रेखीव दिसतात. जाड कागदाला सुईने भोक पाडा, वाचायचा चष्मा काढून ठेवा आणि भरपूर उजेडात त्यातून वर्तमानपत्र वाचून बघा.

दुसरा फायदा अंतराचा. मार्क ३ वर दोन साइट्समध्ये सुमारे १९ इंच अंतर, तर भोकाची साइट मागे डोळ्याजवळ नेलेल्या, नंतरच्या ली-एन्फिल्ड नंबर ४ रायफलवर सुमारे २८. माशी इंचाच्या शंभराव्या भागाने चुकली, तर १०० यार्डांवर पहिलीची गोळी पावणेदोन इंचांहून जास्त भरकटते, दुसरीची सव्वा इंच.

ब्रिटिशांनी १९२० च्या दशकात मार्क ५ वर हा प्रयोग केला होता. खर्चापायी तो मागे पडला. नंबर ४ स्वीकारली गेली १९३९ मध्ये. युद्धाच्या घाईत तिला दोन भोकांची साधी पालटती साइटही बसवली, एक ३०० यार्डांचं, दुसरं ६०० चं. अपर्चरला उणिवाही आहेत. संध्याकाळी बारीक भोकातून अंधारून येतं, चिखलाने ते बुजतं. पण दिवसाउजेडी, स्थिर लक्ष्यावर खाच अपर्चरच्या जवळपासही येत नाही. म्हणूनच ५० मीटर रायफलमध्ये सगळे अपर्चरच वापरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, ते याच साइटवर.

इशापूरने मात्र साठच्या दशकात ७.६२ मिलिमीटरची २ए१ रायफल काढली, तेव्हाही नळीवरची खाच तशीच ठेवली. आपल्या सैन्यासाठी त्याच काळात बनणाऱ्या एसएलआरला (सेल्फ-लोडिंग रायफलला) अपर्चर होतं. जुनी घडण चालू ठेवणं सोपं आणि स्वस्त होतं हे खरं, तरी ती संधी आपण दवडलीच.