हात धुतले, हवेचं काय?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहराचा धीर सुटला. शाळा, चित्रपटगृहं, मॉल बंद झाले. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले, लोक रुमालात कापूर-निलगिरी घेऊन फिरू लागले. सॅनिटायझरची बाटली अनेक घरांत पहिल्यांदा आली ती त्याच दिवसांत, आणि २०२० मध्ये करोनानं तिची जागा पक्की केली. हातांच्या स्वच्छतेचा धडा आपण असा दोनदा गिरवला. बंद खोलीतल्या हवेचा मात्र राहूनच गेला. घरात कुणाला फ्लू झाला की हात धुवायला सगळेच सांगतात, खिडकी उघडायला क्वचितच कुणी सांगतं. सव्वाशे वर्षांचा अनुभव आणि पुरावा पाहता हवेला निदान हातांच्या बरोबरीचं स्थान मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

खरं तर मुंबईला हवेचं महत्त्व एकेकाळी पटलेलं होतं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो दाट वस्त्यांत उजेड आणि वारा आणण्यासाठी. समुद्राकडचा वारा आत शिरावा, हा प्रिन्सेस स्ट्रीट काढण्यामागचा एक हेतू होता. पण प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. ते सिद्ध झालं आणि दूषित हवेची सगळी चर्चाच जुनाट ठरली. १९१० मध्ये अमेरिकेतले आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी रोग मुख्यतः संपर्कातून पसरतात, असं मांडलं. लोक हवेलाच भीत राहिले तर हातांची काळजी घेणार नाहीत, ही त्यांची चिंता होती. आठच वर्षांनी इन्फ्लुएंझाची महासाथ आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. विषाणू सापडायला १९३३ उजाडलं. त्याच दशकात विल्यम वेल्स यांनी दाखवलं, की तोंडातून उडालेले बारीक थेंब वाटेतच सुकतात आणि त्यांचे कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात. तरीही घरोघरी पोचलेला सल्ला हात आणि शिंक यांच्यापुढे फारसा गेला नाही.

पुरावा मात्र साचत होता. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान बिघाडामुळे काही तास जमिनीवरच अडकलं. आत ५४ जण होते, त्यातली एक व्यक्ती फ्लूनं आजारी. वायुवीजन बराच वेळ बंद राहिलं. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. प्रवासी एकमेकांत मिसळत होते, स्पर्शही झाला असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण इतक्या थोड्या वेळात इतक्या जणांना लागण झाली ती केवळ हातांमुळे, हे पटत नाही. पुढे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्ण खोकत नसतानाही त्यांच्या नुसत्या श्वासात जिवंत विषाणू असल्याचं दाखवून दिलं.

मग हात धुणं व्यर्थ का? मुळीच नाही. फ्लूचा विषाणू स्टील-प्लास्टिकवर २४ ते ४८ तास टिकू शकतो, हे १९८२ मध्येच दिसलं होतं. नाक पुसलेला हात नळाला, रिमोटला, मोबाइलला लागतच असतो. शिवाय जुलाबासारख्या आजारांतही साबण उपयोगी पडतो. पण त्याची मर्यादा दोन अभ्यासांतून कळते. हाँगकाँगमध्ये रुग्णांच्या घरी मास्क आणि हात धुणं ही जोडी लक्षणं दिसल्यापासून ३६ तासांच्या आत सुरू झाली, तिथे लागण कमी झाली. सरसकट पाहता फरक ठळक नव्हता. बँकॉकमध्ये हात धुण्यावर भर देऊनही घरातला प्रसार घटला नाही. संशोधकांनी दिलेल्या संभाव्य कारणांपैकी एक होतं एकाच खोलीत झोपणं. आपल्याकडच्या वन रूम किचनला हे तंतोतंत लागू पडतं.

पहिली अडचण इथेच येते: वेगळी खोली आणायची कुठून? नसेल तर रुग्णाचं अंथरूण खिडकीजवळ घालावं, समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवावी, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवावा, रुग्णानं मास्क लावावा. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो आणि स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. बाहेरची हवा दोन्ही आणत नाहीत. गार वाऱ्यानं आजार वाढेल, ही भीती घरोघरी असते, पण फ्लू विषाणूनं होतो, वाऱ्यानं नाही. रुग्णाला पांघरूण द्यावं, खिडकी लावू नये. डासांसाठी जाळी आहे. पावसाळ्यात महाराष्ट्रात फ्लू वाढतो आणि नेमक्या तेव्हाच खिडक्या बंद होतात. अशा वेळी पावसाची झड ज्या बाजूनं येत नाही, ती खिडकी तरी फटभर उघडी हवी. बाहेरची हवाच धुरकट असते, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यात त्याला उत्तर हेपा फिल्टरचं यंत्र. ते धूळ आणि विषाणू वाहणारे कण, दोन्ही अडवतं. ते प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून इमारतींच्या आराखड्यात दोन बाजूंनी हवा खेळेल अशी सोय मागणं हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

२०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं थेंब लहान की मोठे, ही जुनी विभागणी मागे टाकून हवेतून होणाऱ्या संसर्गाची नवी मांडणी स्वीकारली. ती घरापर्यंत पोचायला आणखी शंभर वर्षं लागू नयेत. यंदा घरात कुणाला ताप-खोकला सुरू झाला, तर निदानाची वाट न पाहता त्याच दिवशी साबण जवळ ठेवा आणि खिडकीही उघडा.