रायफलचा ट्रिगर : एका पेचाचे चार तोडगे

बोल्ट ॲक्शन रायफल सज्ज केली की फायरिंग पिनची दाबलेली स्प्रिंग दहा किलोंच्या आसपास जोर लावते. हा जोर अडवतो सिअर हा पोलादी तुकडा, आणि सिअरला खालून आधार देतो ट्रिगर. दोघांच्या कडा मिलिमीटरच्या काही दशांशाइतक्याच एकमेकींवर टेकतात. ही पकड वाढवली तर ट्रिगर रखडत सरकतो आणि नेम ढळतो. फार कमी केली तर नुसत्या धक्क्यानेही गोळी सुटू शकते. ट्रिगरच्या रचनांमधला फरक या पेचातूनच निर्माण होतो.

1962 साली आलेल्या रेमिंग्टन 700 या बोल्ट ॲक्शन रायफलवर या रचना शेजारी शेजारी पाहता येतात. तिचा ट्रिगरसंच दोन पिनांवर बसतो, त्यामुळे तो सहज बदलता येतो. मूळ संच रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर यांच्या रचनेचा. त्यात सिअर ट्रिगरवर न टेकता कनेक्टर नावाच्या सुट्या पट्टीवर टेकतो. ही पट्टी स्प्रिंगच्या दाबाने ट्रिगरला चिकटून राहते आणि प्रत्येक बाराला क्षणभर त्यापासून सुटते. त्या फटीत कचरा अडकला तर पट्टी पूर्ण जागेवर येत नाही, असा आक्षेप घेऊन अमेरिकेत अनेक दावे झाले.

त्याच्या जागी बसणाऱ्या टिमनी कंपनीच्या ट्रिगरमध्ये कनेक्टरच नाही. सिअर थेट एकसंध ट्रिगरवर बसतो. भाग कमी, त्यामुळे बिघाडाच्या जागाही कमी. पण कड कडेवरून घसरूनच सुटते. म्हणून सारी भिस्त पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणावर असते.

ज्युएल कंपनीने सिअर आणि ट्रिगर यांच्यामध्ये आणखी तरफा घातल्या. प्रत्येक तरफेला जोर घटत जातो, आणि बोटाला सुमारे 45 ग्रॅम इतकाच दाब द्यावा लागेल इथपर्यंत ट्रिगर हलका करता येतो. टेबलावर रायफल टेकवून होणाऱ्या बेंचरेस्ट स्पर्धांत त्याला मान आहे. मात्र नाजूक भागांच्या या साखळीला धूळ आणि थिजलेले तेल सोसत नाही.

कॅनडाच्या ट्रिगरटेक कंपनीने सिअर आणि ट्रिगर यांच्यामध्ये मोकळा रोलर ठेवला. घसरण्याऐवजी गडगडणे आल्यामुळे घर्षण एकदम उतरते. परिणामी पकड पुरेशी ठेवूनही ट्रिगरची सरक जवळपास जाणवत नाही.

दोन टप्प्यांचा ट्रिगर हा या सर्वांहून जुना उपाय. 1898 च्या माउझर रायफलमध्ये ट्रिगरच्या माथ्यावर दोन उंचवटे आहेत. पहिल्यावर ट्रिगर लांबवर हलका सरकतो आणि खोल पकड उथळ होते. दुसरा टेकताच बोटाला अडसर लागतो, आणि त्यापुढच्या दाबाला बार उडतो. रायफल वागवताना पकड खोलच राहते. आजचे अनेक बदली ट्रिगर हेच तत्त्व वापरतात.

निवड वापरावर ठरते. शिकारीच्या रायफलला थंडी, चिखल आणि हातमोजे सोसायचे असतात, म्हणून तिथे साधी रचना आणि किलोभराच्या पुढचा दाब बरा. स्पर्धेत नियमही आडवा येतो : 300 मीटर स्टँडर्ड रायफल प्रकारात किमान 1500 ग्रॅम दाब बंधनकारक आहे. तिथे अतिहलक्या ट्रिगरचा उपयोग नाही. सरक किती कमी, हेच पाहिले जाते.