पाण्याचा मुक्काम

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कोणी कोणाला ‘किती झालं?’ असं विचारलं, तर सोन्याचा किंवा गुळाचा दर सांगायच्या भानगडीत कोणी पडत नाही. प्रश्न पंचगंगेचा असतो आणि उत्तर फूट-इंचांत येतं. शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पन्नासेक किलोमीटरवरच्या सांगलीत हेच गणित कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी मांडलं जातं. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका.

ऑगस्ट २०१९ मध्ये हे आकडे मागे पडले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या. २००५ च्या महापुरात सांगलीने ५३ फुटांच्या पुढची पातळी पाहिली होती. ‘पाचच्या पुराला इथवर पाणी होतं’ अशा खुणा अनेक घरांच्या भिंतींवर होत्या. लोकांनी त्या खुणांवर विसंबून सामान माळ्यावर चढवलं, जनावरं जरा उंचावर नेऊन बांधली आणि वाट पाहिली. पाणी त्या खुणा ओलांडून गेलं.

तरीही, ज्यांनी तो पूर अंगावर घेतला त्यांच्याशी बोलताना फुटांचा विषय लवकर संपतो. मग निघते ती दिवसांची गोष्ट. पाणी किती चढलं यापेक्षा ते किती दिवस बसून राहिलं, यावर इथल्या शेताचा, गोठ्याचा आणि दुकानाचा हिशेब ठरतो. दोन दिवसांत उतरलेल्या पाण्यातून पीक सावरतं, भिंत वाळते. आठ-दहा दिवस मुक्काम ठोकलेलं पाणी पुढचं वर्षही घेऊन जातं.

पाणी मुक्काम का करतं, हे समजायला नकाशा पाहावा लागतो. महाबळेश्वरपासून राधानगरीपर्यंतच्या सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस पूर्वेकडे वाहतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. उत्तरेकडून येणारी कृष्णा कराडला कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला घेते. मग शिरोळ तालुक्यात नरसोबाच्या वाडीला पंचगंगाही कृष्णेला मिळते. घाटातून धावत आलेलं पाणी इथवर पोहोचेपर्यंत जमीन सपाट झालेली असते. नदीला उतार कमी आणि वळणं फार. एकीला पूर असला की ती दुसरीला वाट देत नाही. पंचगंगेचं पाणी कृष्णेच्या तोंडाशी तुंबतं आणि मागे फुगत जातं. शिरोळचे लोक याला ‘फुगवटा’ म्हणतात.

वरच्या अंगाला धरणं आहेत. कोयनेची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट. वारणेची ३४, दूधगंगेची २५. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काम सुरू केलेलं राधानगरी धरण त्यांच्यापेक्षा बरंच लहान, पण त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याचं लक्ष वेधून घेतात. पाण्याचा दाब वाढला की दरवाजा आपोआप उघडतो आणि १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. ‘तिसरा दरवाजा उघडला’ ही बातमी आली की चिखली-आंबेवाडीतली माणसं ट्रॅक्टर बाहेर काढतात.

पुराची पहिली झळ लागते ती रस्त्याला. या भागात नद्यांवर जागोजागी ‘कोल्हापूर पद्धतीचे’ बंधारे आहेत. उन्हाळ्यात बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे. वरून माणसांची, बैलगाड्यांची, उसाच्या ट्रॅक्टरची ये-जा चालते. पाणी वाढलं की आधी हे बंधारे बुडतात. वर्तमानपत्रात ‘इतके बंधारे पाण्याखाली’ एवढी एक ओळ छापून येते. त्या ओळीचा गावातला अर्थ असा, की पलीकडच्या गावचा दवाखाना, शाळा आणि दूध संकलन केंद्र आता तीस-चाळीस किलोमीटरच्या वळशावर गेलं.

शिरोळमध्ये पुराशी माणसांचं नातं सरळ वैराचं नाही. नरसोबाच्या वाडीला दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरलेलं पाणी पादुकांवरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडतं, तेव्हा ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो आणि स्नानाला गर्दी लोटते. ओसरताना पूर गाळ सोडून जातो. नदीकाठच्या या मळीच्या जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या भरभरून पिकवलंय. थोडा पूर इथे हवासाच असतो. महापूर मात्र गाळ सोडताना पीकही घेऊन जातो.

या पट्ट्यातलं मुख्य पीक ऊस. ऊस पाण्याला दणकट, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो काही अंशी खराही आहे. बुडख्यात पाणी साचलं तरी ऊस काही दिवस तग धरतो. त्याचा जीव शेंड्याला असतो. शेंडा पाण्याबाहेर असला तर आशा असते. पाणी डोक्यावरून गेलं की पोंग्यात गाळ बसतो, पोंगा कुजतो आणि वाढ तिथेच थांबते. मग कांड्यावरचे डोळे फुटून पांगशा निघतात, उसातली साखर त्यांच्या वाढीला जाते. प्रवाहाच्या काठचा ऊस आडवा होतो, जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळ्या सुटतात. लांबून फड हिरवा दिसतो, पण कारखान्याच्या काट्यावर वजन भरत नाही आणि साखरेचा उताराही मिळत नाही.

यात वेळेचा घोळही आहे. ऑगस्टमध्ये शेतात दोन पिढ्यांचा ऊस उभा असतो. एक, येत्या हंगामात तोडायचा डोक्याएवढा ऊस. दुसरा, जून-जुलैत नुकताच लावलेला आडसाली. मोठा ऊस निदान अर्धामुर्धा हाती लागतो. कोवळी लावण मात्र चिखलाखाली जागच्या जागी मरते. तिच्यावर बेणं, नांगरट, सरी, लागणीचं खत असा सगळा खर्च आधीच झालेला असतो. शिवाय आडसाली ऊस तोडायला दीड वर्ष लागतं. म्हणजे एका ऑगस्टचं पाणी शेतकऱ्याची पुढच्या वर्षाच्या शेवटची उचल बुडवतं. सोयाबीन, भुईमूग आणि भाजीपाल्याची तर चर्चाच नको. आठ दिवस पाण्यात राहिलेल्या सोयाबीनच्या रानात नंतर फक्त वास उरतो.

पाणी उतरल्यावर दुसरं खर्चाचं पान उघडतं. नदीवरच्या मोटारी वेळेत काढल्या नसतील तर त्या गाळाने भरतात. पाइपलाइन उखडतात, विजेचे खांब झुकतात, रोहित्रं निकामी होतात. पाणीपुरवठा संस्थांची सामायिक यंत्रणा बंद पडली की पुरात न बुडलेल्या माळावरच्या पिकालाही पाणी मिळत नाही. शिरोळ आणि सांगलीच्या काठाला क्षारपड जमिनीचा जुना प्रश्न आहे. जिथे निचरा आधीच कमी, तिथे रान वाफशाला यायला आणखी आठवडे लागतात.

दूध हा इथल्या घराचा रोजचा पगार. उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने येतात, दुधाचं बिल दहा दिवसांनी मिळतं. २०१९ मध्ये रस्ते तुटल्यावर संकलनाच्या गाड्या गावांत पोहोचेनात आणि दूध घरातच राहिलं. अनेकांनी घर सोडायला नकार दिला तोही जनावरांपायी. माणसांसाठी बोट येत होती, म्हशीला बोटीत जागा नव्हती. काहींनी जनावरं गच्चीवर चढवली, काहींनी शेवटच्या क्षणी दावी कापून सोडून दिली.

त्या दिवसांत कोल्हापूर, सांगली आणि आसपासच्या भागांतून चार लाखांहून अधिक लोकांना हलवावं लागलं. एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाच्या तुकड्या उतरल्या. पण सगळीकडे त्या पोहोचू शकल्या नाहीत. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि दहाहून अधिक माणसं बुडाली.

शहरांचं नुकसान वेगळं दिसतं, पण त्याचं मूळ त्याच शेतात आहे. सांगलीची गणपती पेठ आणि मारुती चौकाचा परिसर म्हणजे धान्य, हळद, कापड, भांडी असा आसपासच्या तालुक्यांचा बाजार. तो बुडाला तेव्हा गोदामांत सणासुदीसाठी भरलेला माल होता. सांगली नगर वाचनालयातली जुनी पुस्तकं भिजली. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती रंगायच्या बाकी होत्या, कारण त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती. मातीच्या मूर्ती पाण्यात विरघळल्या आणि कुंभारांच्या वर्षभराच्या कमाईचा चिखल झाला. ज्या दुकानदाराचं दुकान कोरडं राहिलं त्यालाही पुढची दिवाळी मंदीची गेली. गिऱ्हाईक खेड्यातलं होतं आणि त्याचा ऊस पाण्यात गेला होता.

पुराने बाजाराची घडी मोडल्याचं जुनं उदाहरण म्हणजे हरिपूरची पेवं. सांगलीची हळद साठवायला इथे जमिनीत खोल पेवं खणलेली होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुराचं पाणी या पेवांत शिरलं आणि ही पद्धत जवळजवळ मोडीतच निघाली. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले.

पुराच्या वेढ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई, हे कोल्हापूरने २०१९ मध्ये अनुभवलं. नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाल्याने नळ कोरडे पडले आणि टँकरपुढे रांगा लागल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ सुमारे आठवडाभर बंद राहिला. इंधन आणि भाजी संपत आली. शहरासाठी काळम्मावाडी धरणातून येणारी थेट जलवाहिनी सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं. तोवर २०२१ चा पूर येऊन गेला होता आणि केंद्रं पुन्हा बुडाली होती.

सरकारी मदतीचं मापही शेवटी दिवसांवरच येऊन थांबलं. २०१९ मध्ये मोफत धान्याच्या आदेशात घर दोन दिवस पाण्याखाली असल्याची अट होती आणि तिच्यावर सडकून टीका झाली. तातडीची मदत ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार रुपये ठरली. पुढे एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ करण्याची घोषणा झाली. सोसायटीच्या कर्जाला त्याचा आधार झाला. मोटार, पाइपलाइन आणि पडलेलं घर यांसाठी काढलेलं कर्ज मात्र शेतकऱ्याच्याच नावावर राहिलं.

मग दोष कोणाचा? शिरोळ-सांगलीत याचं ठरलेलं उत्तर ‘अलमट्टीचा फुगवटा’ हे आहे. कृष्णेवरच्याच, कर्नाटकातल्या या धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत नेण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० च्या निवाड्यात परवानगी दिली होती आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. तिने बोट ठेवलं ते थोड्या दिवसांत कोसळलेल्या प्रचंड पावसावर आणि नदीच्या वाटेतल्या अडथळ्यांवर. पूरग्रस्तांच्या कृती समित्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. वाद अजून मिटलेला नाही. पावसाबद्दल मात्र वादाला जागा नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५६ फुटांच्या वर, म्हणजे २०१९ च्याही पुढे गेली. आधीच्या दोन महापुरांत १४ वर्षांचं अंतर होतं. या वेळी ते २ वर्षांवर आलं.

अडथळ्यांचा मुद्दा थेट शहरांना लागू होतो. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आणि दोन्ही रेषांमध्ये निर्बंध, असा नियम आहे. प्रत्यक्षात कोल्हापुरात नदीकाठी आणि ओढ्या-नाल्यांच्या कडेला, सांगलीत दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट अशा भागांत वस्ती वाढत गेली. भराव पडले, नाले अरुंद झाले. पूर्वी पाणी जिथे पसरून थांबायचं, तिथे आता घरं आहेत, म्हणून ते पुढच्या गल्लीत जातं आणि परतायलाही उशीर करतं. चिखलीसारख्या गावाला सोनतळीत पर्यायी जागा मिळाली, पण रान आणि गोठा जुन्या गावात असल्याने बऱ्याच जणांचा पाय तिथून निघत नाही.

कोल्हापूर-सांगलीत घर, गाळा किंवा प्लॉट घेणाऱ्यांनी सातबारा आणि बांधकाम परवाना पाहण्याआधी पूररेषेचा नकाशा मागवावा. आणि शेजारच्या जुन्या घरात जाऊन, भिंतीवरच्या खुणेकडे बघत, एवढं जरूर विचारावं: २०१९ ला इथे पाणी किती दिवस होतं?