वर्षासन केव्हापासून?

‘वर्षासन’ हा शब्द मूळचा ‘वर्षाशन’. वर्ष अधिक अशन, म्हणजे वर्षभराचे अन्न. पेशवाईत शास्त्री-पंडितांना वर्षासने मिळत, हे आपण जाणतोच. पण घरी जन्मभर राबलेल्या बाईला मृत्युपत्रातून वर्षासन ठेवणारी माणसे आमच्या वसईत आजही आहेत.

मराठीचा प्राध्यापक म्हटला, की लोक शुद्धलेखनासाठी मृत्युपत्राचा मसुदासुद्धा घेऊन येतात. मध्यंतरी एका वाडीच्या वृद्ध मालकांच्या मसुद्यात वाक्य होते : “आमच्या बाईस ती हयात असेतो दरसाल 60,000 रुपये द्यावेत.” व्याकरण चोख! तरी मी विचारले, “काका, केव्हापासून?”

“मी डोळे मिटल्यापासून. आणखी केव्हापासून?”

कायदाही तेच म्हणतो, पण एवढ्यावर थांबत नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचे 338 वे कलम असे, की मुदत लिहिलेली नसेल तर वर्षासन मृत्यूच्या दिवसापासून सुरू होते. पहिली रक्कम मात्र वर्ष पुरे झाल्यावर द्यायची. म्हणजे धनी या दिवाळीत गेला, तर बाईच्या हाती पैसे पुढच्या दिवाळीत! ‘दरमहा 5,000’ असे लिहिले, तर पहिला हप्ता महिनाअखेर देय होतो खरा. पण मृत्युपत्राचा अंमल करणाऱ्याने मनावर घेतले तरच. वर्षाच्या आत देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. त्या वर्षातल्या थकबाकीला व्याजही नाही.

याला कारण आहे. आधी अंत्यविधीचा नि कोर्टाचा खर्च, मग लोकांची देणी, आणि उरेल त्यातून देणग्या. हा हिशेब लागायला वर्षाची सवड. घरगड्याचा वा मोलकरणीचा शेवटच्या तीन महिन्यांचा थकलेला पगार मात्र इतर देण्यांच्या आधी चुकवावा लागतो. हक्काचा पगार पुढे, मायेची देणगी मागे, असा हा न्याय.

न्याय चोख असेल. पण हातपाय थकलेल्या बाईने ते वर्ष काय खाऊन काढायचे? तेव्हा वाचकहो, ‘दरसाल’च्या जागी ‘दरमहा’ लिहा, आणि अंमल करणारा मनाचा मोठा निवडा. शिवाय पहिल्या वर्षाचे पैसे आपल्या हयातीतच तिच्या नावावर पोस्टात टाका. पावसाळ्याची बेगमी आपण पाऊस पडायच्या आधी करतो, नंतर नव्हे.