घरगुती विजेचा हिशेब : युनिट, रुपये आणि कार्बन

दर महिन्याला येणारे वीज देयक घरात एकूण किती वीज वापरली गेली ते दर्शवते. मात्र ती कोणत्या उपकरणासाठी खर्च झाली, याचा उलगडा त्यातून होत नाही. उपकरणावर नमूद केलेली वॅट क्षमता आणि वापराचे तास एवढ्या माहितीच्या आधारे प्रत्येक कुटुंबाला विजेचा वापर, खर्च आणि कार्बन उत्सर्जन या तिन्हींचा अंदाज बांधता येतो.

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालल्यास एक युनिट वीज खर्च होते. त्यामुळे वॅट आणि तासांचा गुणाकार करून त्याला १,००० ने भागल्यास युनिट मिळतात.

उदाहरणादाखल एका घरातील ७५ वॅटचे तीन पंखे दररोज १२ तास चालत असतील, तर ३० दिवसांत ८१ युनिट लागतात. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास वापरल्यास ३० युनिट, ८० वॅटचा दूरचित्रवाणी संच पाच तास चालल्यास १२ युनिट आणि नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे पाच तास लावल्यास सुमारे सात युनिट खर्च होतात. रेफ्रिजरेटरचा कॉम्प्रेसर अधूनमधून बंद होत असल्याने त्याला हे सूत्र लागू पडत नाही. त्याच्या स्टार लेबलवरील वार्षिक युनिटना १२ ने भागावे. २४० युनिटचे लेबल असल्यास महिन्याला २० युनिट धरता येतात. या घराचा एकूण वापर सुमारे १५० युनिट होतो.

खर्चाचा अंदाज मात्र सरासरी दराने काढणे योग्य ठरत नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत वापर वाढतो तसा पुढील टप्प्यातील युनिटचा दर चढतो. समजा, पहिल्या १०० युनिटना चार रुपये आणि त्यापुढील युनिटना दहा रुपये दर आहे. तर पहिल्या १०० युनिटचे ४०० रुपये, पण नंतरच्या अवघ्या ५० युनिटचे ५०० रुपये होतात. स्थिर आकार, वीज शुल्क आणि इतर आकार यात वेगळे मिळवावे लागतात.

कार्बनच्या हिशेबात असे टप्पे नसतात. देशातील बहुतांश वीज कोळशापासून तयार होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो. त्यानुसार या घराचे मासिक उत्सर्जन १०५ किलो, तर वर्षाचे सव्वा टनांहून अधिक भरते.

या घरात सर्वाधिक वीज पंख्यांवर खर्च होते. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल बंधनकारक आहे. सुमारे ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवल्यास महिन्याला सुमारे ४९ युनिट वाचतात. ही सर्व बचत महागड्या टप्प्यातील असल्याने वरील दराने ४९० रुपये, तसेच ३४ किलो उत्सर्जन कमी होते.

अंदाज पडताळण्यासाठी मीटरवरील आकडा सात दिवसांच्या अंतराने एकाच वेळी नोंदवावा. मूळ उदाहरणातील घरात हा फरक ३५ युनिटच्या आसपास असायला हवा. तो बराच अधिक आढळल्यास एखादे उपकरण हिशेबातून निसटले आहे किंवा वापराचे तास कमी धरले गेले आहेत, असे समजावे.