वीस मिनिटांची परीक्षा

बेसा आता नागपूर शहरातच मिसळून गेले आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या. पण त्यांच्या मागे अजून रिकामे प्लॉट, गवत आणि तुरी-सोयाबीनची शेते आहेत. पावसाळा लागला की साप दारापर्यंत येतात.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या अब्बांना विटा उचलताना साप चावला. पाय सुजू लागला. घरच्यांनी त्यांना आधी विष उतरवणाऱ्याकडे नेले. तिथे दोन तास गेले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला, पण काही दिवस डायलिसिस करावे लागले. मुलाने आम्हाला विचारले, "सर, साप पायाला चावला, मग रक्त तोंडातून का आले?"

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला माहीत हवे. घोणस आणि फुरसे यांच्या विषामुळे रक्तात ठिकठिकाणी बारीक गुठळ्या होऊ लागतात. त्यात रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन खर्च होऊन संपते. मग रक्त गोठतच नाही. हिरड्या, लघवी, जुनी जखम, कुठूनही रक्तस्राव होतो. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

हे ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त वाहिले, म्हणजे विषाने आपले काम केले. लहान गावातल्या दवाखान्यातही ही चाचणी होऊ शकते. पहिल्या वेळी रक्त गोठले तरी रुग्णाला लगेच घरी पाठवत नाहीत. चाचणी पुन्हा पुन्हा करतात आणि रुग्णाला किमान 24 तास देखरेखीखाली ठेवतात.

यावर खरे औषध एकच, सर्पविषावरची लस. घोड्यांच्या रक्तापासून बनणारी ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. अंगात विष असताना नुसते रक्त किंवा प्लाझ्मा चढवून भागत नाही. नवे प्रथिनही विष संपवून टाकते. लस दिल्यावर यकृताला हे प्रथिन पुन्हा तयार करायला वेळ लागतो, म्हणून सहा तासांनी परत तपासणी होते. मुलांनाही मोठ्यांइतकीच लस देतात, कारण मूल लहान आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. लसीची ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ती दवाखान्यातच घ्यावी लागते.

नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातल्या महाडमध्ये विंचू आणि सापाच्या विषाने आजारी पडलेल्यांवर उपचार करण्यात आयुष्य घालवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. त्यातले बहुतेक खेड्यांतले.

साप चावला तर माणसाला धीर द्या, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, ताईताचा दोरा लगेच काढा. सूज आली की ते रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून हात किंवा पाय स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका, चिरा देऊ नका, रक्त चोखू नका, ॲस्पिरिन देऊ नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, 108 ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठा.

दुआ जरूर करा; पण ती दवाखान्याच्या वाटेवर करा. त्या मुलाच्या घरचे आज हेच सर्वांना सांगतात: ते दोन तास आम्ही गमवायला नको होते.